टॉवरवर चढण्याआधी: इंदूरमध्ये रिगर आणि कम्युनिकेशन टेक्निशियनचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

राजवाड्याच्या आसपासच्या गच्च्यांवर, बायपासच्या दुतर्फा, पीथमपूरच्या कारखान्यांमागे, सिमरोलच्या घाटात, जिकडे पाहाल तिकडे टॉवर आहेत, आणि प्रत्येकावर कधी ना कधी माणूस चढवावाच लागतो. वर चढून सामान बसवणारा तो रिगर. रामबाग-राजेंद्रनगरातली आयटीआय झालेली मुलं असोत की जळगाव-धुळ्याकडून कामासाठी इंदूर गाठणारी, पहिल्या महिन्यात अडचणी त्याच येतात. कुणी नीट सांगत नाही. सुपरवायझर म्हणतो, ‘चढ, बाकी वर गेल्यावर कळेल.’ वर गेल्यावर काहीही कळत नाही. जे कळायचं ते जमिनीवरच कळलेलं असावं लागतं. हा लेख त्यासाठी आहे.

१. काम कुठल्या टॉवरचं आहे ते आधी विचारा

सगळ्यात जास्त काम मोबाइल टॉवरचं. त्यात दोन प्रकार: जमिनीवर उभा असलेला, साधारण ४० ते ६० मीटरचा, ज्याला साइटवर सगळे ‘जीबीटी’ (ग्राउंड बेस्ड टॉवर) म्हणतात, आणि गच्चीवरचा ‘आरटीटी’ (रूफ टॉप टॉवर) किंवा नुसते खांब. गच्चीवरचं काम सोपं वाटतं, पण नवख्यांचे घोटाळे तिथेच जास्त होतात. पुढे मुद्दा ३ मध्ये त्याचं कारण आहे.

दुसरं काम प्रसारणाचं. इंदूरला आकाशवाणी १९५५ पासून आहे आणि खासगी एफएम २००१ पासून. एफएमच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात माणसाचं शरीर लहरी फार चांगल्या शोषून घेतं, त्यामुळे एफएम अँटेनाच्या टप्प्यात जायचं तर ट्रान्समीटर बंद करूनच. मीडियम वेव्हची गोष्ट आणखी वेगळी. तिथे अख्खा मास्टच अँटेना असतो आणि पायथ्याला पोर्सेलिनच्या इन्सुलेटरवर उभा असतो. जमिनीवर उभं राहून त्याला हात लावला तरी हात भाजतो. अशा मास्टच्या कुंपणाच्या आतसुद्धा परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

तिसरं काम पोलीस, रेल्वे आणि कारखान्यांच्या वायरलेसचं. टॉवर बुटके आणि काम थोडं, पण शिकायला उत्तम.

मोबाइलच्या कामात साखळी लांब असते: ऑपरेटर, त्याखाली टॉवर कंपनी, तिचा व्हेंडर, व्हेंडरचा ठेकेदार. तुम्ही बहुधा शेवटच्या कडीला असता. पगार महिन्याचा की साइटमागे, पाऊस पडला तर दिवस मोजला जातो की नाही, पेट्रोल कुणाचं, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारून व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.

२. कागदपत्रं

- आधार, पॅन, बँक पासबुक, दहावीची गुणपत्रिका
- आयटीआयचं प्रमाणपत्र असेल तर. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वायरमन हे ट्रेड चालतात
- उंचीवर काम करण्यासाठीचा वैद्यकीय दाखला: रक्तदाब, नजर, रंग ओळखणं, फिट किंवा चक्कर यांचा इतिहास
- उंचीवरच्या कामाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- पोलीस पडताळणी
- दुचाकीचं लायसन्स. याच्याशिवाय साइट मिळत नाही असंच समजा
- आधी कुठे नोकरी केली असेल तर पीएफचा यूएएन

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ‘समग्र आयडी’ हा शब्द इथे पहिल्यांदा ऐकू येतो. तो मध्य प्रदेशच्या रहिवाशांचा ओळख क्रमांक आहे. ठेकेदाराच्या नोकरीला तो लागत नाही, पण राज्य सरकारच्या योजनांच्या अर्जात मागतात.

महिन्याचं वेतन २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापलं जातं. कापलं जातं म्हणजे भरलं जातंच असं नाही. पहिल्या पगारानंतर आपला विमा क्रमांक मागा आणि ऑनलाइन तपासा. ईएसआयसीचं रुग्णालय नंदानगरला आहे. पाय मुरगळल्यावर क्रमांक शोधत बसण्यापेक्षा तो आधीच खिशात असू द्या. वेतन जास्त असेल तर अपघात विम्याची प्रत मागा, तोंडी ‘आहे’ ऐकून थांबू नका.

सापळे दोन. नोकरीआधी ‘ट्रेनिंग फी’ किंवा ‘किटचं डिपॉझिट’ मागणारा एजंट, आणि दोरीला हात न लावता हजार-दोन हजारांत मिळणारं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. दुसरा जास्त वाईट, कारण त्या कागदाच्या भरवशावर तुम्हाला खरोखर वर पाठवतात.

३. अंगावरचं सामान

फुल बॉडी हार्नेस (खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगभर बसणारे पट्टे) घ्या. कमरेचा नुसता पट्टा पडणाऱ्याचं पाठीचं हाड मोडतो. हार्नेसवर आयएस ३५२१ चा शिक्का, निर्मितीची तारीख आणि अनुक्रमांक असलेलं लेबल हवं. लेबल खरवडलेलं असेल तर तो नाकारा. पट्टा हातात दुमडून U आकारात धरा आणि इंच इंच सरकवत पाहा: तुटलेले धागे, कडक झालेला भाग, रंगाचे किंवा बॅटरीच्या आम्लाचे डाग दिसले तर तो पट्टा गेला. एकदा पडणं झेललेला हार्नेस बाहेरून नवा दिसला तरी कापून फेकायचा, कारण फेकला नाही तर दुसरा कुणीतरी उचलतो.

पाठीच्या डी-रिंगला दुहेरी लॅनियार्ड (टोकाला हुक असलेला सुरक्षेचा दोर), शॉक अॅब्सॉर्बरसकट (उसवत जाऊन झटका झेलणारी पट्टी). हुक मोठ्या तोंडाचे, अँगलवर बसतील असे. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या रिंगांना काम करताना टेकायचा पोझिशनिंग दोर. पोझिशनिंग दोर पडणं झेलण्यासाठी नसतो. त्यावर टेकलेलं असतानाही लॅनियार्डचा एक हुक वर अडकलेला असलाच पाहिजे. हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवा, नाहीतर खाली वाकून पाहताक्षणी ते तुमच्या आधी जमिनीवर पोचतं.

आता गच्चीचा मुद्दा. लॅनियार्ड २ मीटर. झटका बसल्यावर अॅब्सॉर्बर जास्तीत जास्त १.७५ मीटर उसवतो. पाठीच्या रिंगेपासून पायापर्यंत दीड मीटर. वर एक मीटर राखीव. बेरीज सव्वासहा मीटर. म्हणजे हुक जिथे अडकवला त्याच्या खाली एवढी मोकळी जागा नसेल तर दोर ताणला जाण्याआधी तुम्ही स्लॅबवर असता. गच्चीवरच्या चार-पाच मीटरच्या खांबाला हा हिशेब बसतच नाही. तिथे मुळात पडताच येणार नाही इतका आखूड दोर लावायचा, किंवा शिडी आणि मचाण वापरायचं. ‘हार्नेस घातलाय ना’ एवढ्यावर सही करणारे सुपरवायझर बरेच आहेत. हिशेब तुम्ही करा.

४. चढण्याआधी जमिनीवरचा अर्धा तास

परमिट, म्हणजे चढण्याची लेखी परवानगी, हातात आल्याशिवाय पहिली पायरी नाही. परमिटवर साइटचा क्रमांक, काम, वेळ आणि चढणाऱ्यांची नावं असतात. नाव दुसऱ्याचं आणि चढणारे तुम्ही असं असेल तर अपघातानंतर तुम्ही त्या साइटवर नव्हताच.

मग टॉवरभोवती एक फेरी मारा. पायथ्याचे बोल्ट, चारही पायांच्या प्लेटा, पहिल्या आठ-दहा मीटरमधले आडवे-तिरके अँगल. शेतातल्या साइटवर खालचे अँगल आणि बोल्ट चोरीला जातात, आणि रिकाम्या भोकांकडे कुणाचं लक्ष जात नाही. तारांनी ताणलेला मास्ट असेल तर प्रत्येक तार आणि तिचा टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) पाहा. ढिली तार दिसली तर चढायचं नाही आणि तिला हातही लावायचा नाही. एक तार घट्ट केली की मास्ट तिकडे ओढला जातो.

वर नजर टाका. आग्यामोहोळ अँटेनामागे किंवा प्लॅटफॉर्मखाली असतं आणि खालून काळ्या डागासारखं दिसतं. दिसलं तर काम रद्द. धूर करून हाकलू पाहणारा माणूस बरोबर असेल तर त्याला आधी गाडीत बसवा. अर्ध्या टॉवरवर माशा अंगावर आल्या तर माणूस हुक सोडून उतरू पाहतो.

वारा ताशी ४० किलोमीटरच्या वर असेल तर चढू नका. अँटेना ओढायची असेल तर त्याच्या निम्म्यातच थांबा. दोन मीटर उंचीची अँटेना दोरीवर असताना शिडासारखी वागते. माळव्यात मे-जूनच्या दुपारी आभाळ तासाभरात भरून येतं. वीज चमकणं आणि गडगडाट यांच्यात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. उतरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. उन्हाळ्यात सकाळी सहा ते दहा हीच वेळ खरी. त्यानंतर लोखंड हातमोज्यातूनही चटके देतं.

खालचा घेर बंद करा. ४० मीटरवरून सुटलेला बोल्ट जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटर असतो. प्रत्येक पाना दोरीने मनगटाला किंवा पिशवीला बांधलेला हवा. गावातल्या साइटवर पोरं आणि गुरं घेरात येतात. एक माणूस फक्त त्यासाठी ठेवा.

आणि सुटका. कुणी हार्नेसवर लटकून राहिला तर मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात आणि दहा-पंधरा मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. १०८ ची गाडी येऊन तुम्हाला वरून काढणार नाही, ते काम तुमच्याच टोळीचं. त्यामुळे वर जाऊन खाली सोडता येईल असा दुसरा प्रशिक्षित माणूस आणि डिसेंडरसकट (दोरीवरून सावकाश खाली सोडणारं साधन) सुटकेची दोरी साइटवर असल्याशिवाय चढू नका. १०८ ला सांगण्यासाठी गावाचं नाव आणि फाटा आधीच लिहून ठेवा. साइटचा क्रमांक त्यांना कळत नाही.

५. लहरी: फोनवर ‘बंद केलं’ ऐकून पुढे जाऊ नका

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली गेली. ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॉट. ही मर्यादा लोक जिथे राहतात-वावरतात त्या जागेसाठी आहे. अँटेनाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर लहरी त्याच्या कित्येक पट असतात. पाठीमागे खूपच कमी, म्हणून शक्य ते सगळं काम मागून करा.

समोर जावंच लागणार असेल तर: एनओसीला (नेटवर्कवर दुरून लक्ष ठेवणारं नियंत्रण केंद्र) फोन करून सेक्टर (एका दिशेच्या अँटेनांचा गट) लॉक, म्हणजे दुरून बंद, करून घ्या, नाव आणि वेळ टिपा, आणि त्यानंतर खाली जाऊन त्या रेडिओचा ब्रेकर स्वतः पाडा, टॅग लावा. दुरून केलेलं लॉक दुरूनच उघडतं. शिफ्ट बदलली की नवा माणूस अलार्म पाहून सेक्टर सुरू करतो. दुसरा सापळा सामायिक टॉवरचा. एकाच टॉवरवर दोन-तीन ऑपरेटर असतात. तुम्ही आपला रेडिओ बंद करता आणि एक मीटर खाली दुसऱ्याची अँटेना चालूच असते. चढण्याच्या वाटेवर जेवढ्या अँटेना येतात तेवढ्यांची यादी आधी करा.

६. चढणं

दोन हुकांपैकी एक कायम अडकलेला. दुसरा वर अडकवल्यावरच पहिला काढायचा, अगदी प्लॅटफॉर्मवर दोन पावलं सरकायचं असलं तरी. हुक डोक्याच्या पातळीला किंवा वर. पायापाशी अडकवला तर लॅनियार्डच्या दुप्पट पडाल. केबल ट्रे, अँटेनाचा क्लॅम्प, बारीक तिरका अँगल, अर्थिंगची पट्टी यांना हुक लावायचा नाही. मुख्य पाय किंवा जाड आडवा अँगल शोधा. शिडीभोवतीची गोल जाळी पडणं अडवत नाही. तिच्या भरवशावर हुक न लावता चढणारे जुने लोक दिसतील, त्यांचं अनुकरण नको.

सुरुवातीला दर दहा मीटरला थांबा. हात दुखतात कारण नवखा माणूस हातांनी स्वतःला ओढतो. वजन पायांवर घ्या, हात फक्त तोल सांभाळायला.

७. वरचं काम: अँटेना

सामान: कंपास, डिजिटल इन्क्लिनोमीटर (झुकाव मोजणारा मीटर), टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा), १७, १९, २४ आणि ३२ चे पाने, कप्पी, मुख्य दोर, आणि अँटेना टॉवरपासून दूर धरण्यासाठी खालून ओढायचा टॅगलाइन दोर. फाइव्हजीच्या ज्या अँटेनामध्ये रेडिओ आतच असतो त्यांचं वजन २५ ते ४० किलोपर्यंत जातं. हाताने ओढून पाहू नका.

दिशा मोजताना सगळ्यात जास्त चूक होते. टॉवरवर उभं राहून कंपास धरला तर लोखंड सुई ओढतं आणि वीस-तीस अंशांचा फरकही पडतो. दिशा खालून, टॉवरपासून २०-३० मीटर दूर, अँटेनाच्या सरळ रेषेत उभं राहून मोजायची. विजेच्या खांबाजवळ किंवा मोटरसायकलला टेकून नाही. झुकाव मोजताना आधी ज्या खांबावर अँटेना आहे तो ओळंब्यात आहे का ते पाहा. खांब दोन अंश कलला असेल तर क्लॅम्पवरचा छापील आकडा खोटा ठरतो. मीटर अँटेनाच्या पाठीच्या सपाट धातूवर ठेवा, पुढच्या प्लास्टिकवर नको.

दोन सेक्टरच्या जंपर केबल (रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या छोट्या केबल) एकमेकांत बदलणं हा सर्वांत सामान्य दोष आहे. साइट चालू होते, अलार्म येत नाही, आणि आठवड्याने तक्रार येते की कॉल तुटतात. दोन्ही टोकांना एकाच रंगाची पट्टी, केबल ओढण्याआधीच.

८. कनेक्टर

तुमचं नाव चांगलं की वाईट हे इथे ठरतं. ७/१६ डिन कनेक्टर २५ ते ३० न्यूटन-मीटरला, ४.३-१० चा स्क्रू प्रकार ५ ला. हाताने ‘चांगला आवळला’ म्हणणाऱ्याचा कनेक्टर एकतर ढिला असतो किंवा आतला रिंग दबलेला. आवळताना नटच फिरवा, केबल फिरू देऊ नका. आतली पिन घासून पितळेची भुकटी पडते.

पाणी अडवण्यासाठी तीन थर: पीव्हीसी टेप, त्यावर ब्युटाइल किंवा स्वतःला चिकटणारा रबरी टेप, त्यावर पुन्हा उन्हात टिकणारा पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळा, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर कौलासारखा बसतो आणि पाणी बाहेरून ओघळतं. टेप ओढून तोडू नका, कापा. ताणलेलं टोक उन्हाळ्यात सुटतं. कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोळ ठेवा.

मग साइट मास्टरवर (केबल आणि अँटेना तपासायचा मीटर) व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे किती शक्ती अँटेनाकडून परत येते त्याचं माप. १.५ म्हणजे ४ टक्के शक्ती परत येते, १.३ च्या खाली आणायचा प्रयत्न करा. पण लांब केबल असलेल्या जुन्या साइटवर खालून घेतलेला सुंदर आकडा फसवा असतो. परतीची लहर केबलमध्येच विरते आणि वरचा खराब कनेक्टरही चांगला दिसतो. तिथे अंतरानुसार दोष दाखवणारा आलेख काढा. व्हीएसडब्ल्यूआर ठीक आणि तरी आवाज खराब, असं असेल तर पीआयएमचा (खराब जोडावर लहरी एकमेकींत मिसळून होणारा गोंगाट) संशय घ्या: गंजका क्लॅम्प, ढिला बोल्ट, कनेक्टरमध्ये राहिलेला धातूचा कीस.

९. मायक्रोवेव्ह लिंक

ही दोन टॉवरना डिशने जोडणारी लिंक. दोन टोकांचे ओडीयू (डिशमागचे रेडिओ) वेगळे असतात: एक हाय, एक लो, म्हणजे एक वरच्या आणि एक खालच्या वारंवारतेवर पाठवणारा. दोन्हीकडे एकच प्रकार नेला तर दिवसभर डिश हलवून काही मिळत नाही. वर जाण्याआधी लेबल फोनवर एकमेकांना वाचून दाखवा. पोलरायझेशनही (लहर उभी की आडवी) असंच वाचून घ्या, ते मात्र दोन्हीकडे एकच हवं.

१५ गिगाहर्ट्झला ६० सेंटीमीटरच्या डिशचा झोत साधारण सव्वादोन अंशांचा. पाच किलोमीटरवर एक अंश म्हणजे ८७ मीटर, म्हणजे नजरेने ‘बरोबर समोर आहे’ याला अर्थ नाही. डिश डावीकडून उजवीकडे सावकाश पूर्ण फिरवा. सिग्नलची तीन शिखरं मिळतील. मधलं खरं, बाजूची दोन वीस डीबी (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) किंवा जास्तच खाली. नवखा माणूस पहिलं शिखर मिळताच आनंदाने बोल्ट आवळतो. मिळालेली पातळी नियोजनातल्या आकड्याच्या दोन-तीन डीबीत येत नसेल तर तुम्ही बाजूच्या शिखरावर आहात. एका वेळी एकच टोक हलवा, आणि आवळताना नजर मीटरवर ठेवा. शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात डिश सरकते.

१०. खाली, शेल्टरमध्ये (उपकरणांच्या खोलीत)

टेलिकॉमची डीसी उणे ४८ व्होल्ट असते आणि अर्थिंग अधिक (+) बाजूला असतं, गाडीच्या वायरिंगच्या उलट. रंगांवर विसंबू नका, मीटर लावा. २ व्होल्टच्या २४ सेलची बॅटरी बँक असेल तर फ्लोट (भरलेली बॅटरी भरलेली ठेवणारं व्होल्टेज) ५४ व्होल्टच्या आसपास दिसतो. व्होल्टेज कमी म्हणून धोका कमी असं नाही: पाना दोन टर्मिनलांवर पडला तर हजारो अँपिअर वाहतात आणि पाना वितळतो. अंगठी, कडं, साखळी बाहेर ठेवा. जनरेटरला हात लावायचा तर आधी पॅनेल मॅन्युअलवर. लाइट गेली की तो आपोआप सुरू होतो.

अर्थिंग १ ओहमच्या खाली मागतात. माळव्याची काळी माती ओली असताना छान आकडा देते. उन्हाळ्यात ती तडकते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. ऑगस्टमध्ये घेतलेला आकडा कागदावर असेल तर मेमध्ये पुन्हा मोजा. पहिल्या विजा मेअखेरीस आणि जूनमध्येच पडतात.

११. उतरण्याआधी

फोटो तिथेच काढा: प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक लेबल, इन्क्लिनोमीटरचा आकडा, टॉवरवरची दिवाबत्ती. एक फोटो राहिला म्हणून काम नापास होतं आणि फेरी तुमच्या पेट्रोलवर. पाने मोजा. ब्रेकर पुन्हा चालू करण्याआधी सगळे खाली आहेत याची नावं घेऊन खात्री करा, मग एनओसीला फोन करून सेक्टर उघडायला सांगा आणि अलार्म साफ झाल्याचं ऐकूनच साइट सोडा. खाली उतरून गाडी पालद्यापर्यंत पोचल्यावर येणारा फोन बहुतेक वेळा जीपीएस अँटेनाचा असतो: फाइव्हजीला अचूक वेळ लागते, आणि काम करताना धक्का लागून तिची केबल सैल झालेली असते. निघण्यापूर्वी तिला एकदा हात लावून पाहा.